कापडाच्या गावात पिशवीला तोटा का?

सोलापुरात चादर होते, टॉवेल होतो, नॅपकिन होतो, बाहेरच्या राज्यांतल्या शाळांचे गणवेशसुद्धा इथनं शिवून जातात, म्हणजे कापडाला आपल्याकडं तोटा नाही, आणि तरी संध्याकाळी लक्ष्मी मंडईत जाऊन उभं राहून बघा, बरीचशी माणसं हात हलवत आलेली असतात आणि परत निघताना बोटाबोटाला एकेक पातळ पिशवी लटकत असते. मिरचीची वेगळी, कोथिंबिरीची वेगळी, टमाट्याची वेगळी, आणि दहा रुपयांच्या लिंबांना पण वेगळी. मला ह्याचा खरंच त्रास होतो, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलेय.

बंदी आहे हे सगळ्यांना माहितीये. आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ ला अधिसूचना निघाली, तीन महिन्यांची मुदत देऊन २३ जूनपासनं दंड सुरू झाला, पहिल्यांदा सापडलं की पाच हजार, दुसऱ्यांदा दहा, तिसऱ्यांदा पंचवीस हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. आणि ही कॅरीबॅगची बंदी जाडी कितीही असली तरी आहे, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नाही. केंद्राचा नियम वेगळा, तिथं पिशवीची कमीत कमी जाडी आधी ५० मायक्रॉन होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मग ३० सप्टेंबर २०२१ पासनं ७५ झाली आणि २०२२ संपता संपता १२० मायक्रॉन. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, त्यावरनं अंदाज घ्या. मंडईत जी पिशवी मिळते ती ह्या कुठल्याच आकड्याच्या जवळपास नसते, तिच्यातनं पलीकडचं दिसतं, आणि गाजराचं टोक लागलं तरी ती फाटते.

२०१८ मध्ये बंदी आली तेव्हा काही दिवस चांगले गेले, लोकं पिशव्या घेऊन बाहेर पडायला लागली होती, दुकानदार पण घाबरून होते. मग हळूहळू परत सुरू. बंदी हवीच, ह्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुंबईत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा गटारं तुंबायला ह्या पिशव्या पण कारणीभूत झाल्या आणि दुसऱ्या वर्षी राज्यात कचऱ्याचा कायदा आला, २०१८ ची बंदी त्याच कायद्याखाली आहे. बांगलादेशानं तर २००२ मध्येच बंदी घातली, तिथंही कारण पूर आणि तुंबलेली गटारंच. पण बंदीनं पिशवी बंद होत नाही जोवर माणसाच्या हातात दुसरं काहीतरी नसतं, आणि ते दुसरं काहीतरी आपल्या गावात पोत्यानं पडलंय, त्यावर मी येतेच.

आधी पातळ पिशवीच एवढी वाईट का ते सांगते. प्लास्टिक तर आपल्या घरात सगळीकडं आहे, बादली आहे, टब आहे, माझ्या सासूबाईंची वायरची पिशवी आहे, हिरवी-पांढरी, मी लग्न होऊन आले तेव्हापासनं ती बाजाराला जातेय आणि अजून तिचा एक बंद तुटला नाही. ती पण प्लास्टिकचीच. खताच्या गोणीची शिवलेली पिशवी, जी आपल्याकडं खेड्यातनं येणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर असते, ती पण प्लास्टिकचीच. तिच्याबद्दल मला काडीची तक्रार नाही, वर्षानुवर्षं वापरतात लोकं ती. पातळ पिशवीचं काम मंडई ते घर एवढंच. घरी आलं की तिचं आयुष्य संपलं, आणि मग ती गोळा करणाऱ्यालाही नको असते, कारण तिला वजनच नाही. भंगार किलोवर चालतं. एक पातळ पिशवी भरते तीन-चार ग्रॅमची, म्हणजे एक किलो करायला अडीचशे-तीनशे पिशव्या वेचाव्या लागतात, त्यात अर्ध्या चिखलानं भरलेल्या, खरकट्यानं चिकटलेल्या. कचरा वेचणाऱ्या बायका उन्हातान्हात फिरतात, त्यांनी एक बाटली उचलावी का तीनशे पिशव्या? म्हणून बाटल्या उचलल्या जातात आणि पिशव्या तिथंच राहतात. रिसायकलिंगच्या मशीनमध्ये पण पातळ पिशवी गुंडाळून बसते, मशीन बंद पाडते.

आणि मग गाई. आमच्या इथं कोपऱ्यावर कचरा टाकायची एक जागा आहे, घंटागाडी रोज येते तरी टाकतात लोकं. तिथं एक तांबडी गाय रोज सकाळी येते. मी एकदा थांबून नीट बघितलं ती काय करते ते. पिशवीला गाठ मारलेली होती, आत भाताचं खरकटं आणि भाजीचे देठ. गाईनं आधी नाकानं ढोसलं, मग जीभ गुंडाळून पिशवीच तोंडात ओढली, दोन-तीनदा मान झटकली, पिशवी फाटली नाही, मग अख्खी गाठीसकट आत. गाय जिभेनं खाते, तिला शेळीसारखं ओठांनी निवडून खाता येत नाही, आणि आतनं अन्नाचा वास येत असल्यावर ती कशाला सोडेल. ही पिशवी तिच्या पहिल्या पोटात जाते आणि तिथंच राहते, पुढं सरकत नाही. रोज एक, रोज दोन, वर्षभरात त्याचा दोरखंडासारखा पीळ पडलेला गोळा होतो. मग गाय रवंथ कमी करते, पोट फुगतं, खाणं सुटतं, पण पोट गच्च असल्यामुळं बघणाऱ्याला वाटतं गाय चांगली धष्टपुष्ट आहे. जनावरांचे डॉक्टर डाव्या कुशीत चिरून तो गोळा बाहेर काढतात, तीस-तीस चाळीस-चाळीस किलो निघाल्याच्या केसेस आहेत. गाईला नमस्कार करून पुढं जाणारी आपण माणसं, खरकट्याच्या पिशवीला गाठ मारताना एवढं तरी आठवायला पाहिजे. दुसरं काही नाही जमलं तरी चालेल, पण ओलं खरकटं पिशवीत बांधून टाकू नका, कृपा करून.

ऊन हा आपल्या गावचा वेगळा विषय. चाळीसच्या वर पारा गेला की गच्चीवर बांधलेली पिशवी एका उन्हाळ्यात कडक होते आणि हात लावला की तिचा भुगा पडतो. लोकांना वाटतं बरं झालं, कुजली. कुजली नाही ती, बारीक झाली फक्त. तो भुगा वाऱ्यानं उडतो, मातीत जातो, गटारात जातो. तुळजापूर रोडनं कचरा डेपोच्या बाजूला जाताना बाभळींना लटकलेल्या पिशव्या बघितल्यात ना, त्या काही वर्षांनी दिसायच्या बंद होतात, पण ती काळी माती, जिच्यात ज्वारी पिकते, तिच्यात ते सगळं असतंच. जाळणं त्याहून वाईट. सकाळी झाडलोट करून कोपऱ्यात काडी लावायची सवय आपल्याकडं फार आहे, पानांबरोबर पिशव्या पण जळतात, तो काळा धूर आधी आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

तर आता कापड. इथं मला एक गोष्ट स्पष्ट सांगायचीये कारण हल्ली प्रत्येक कार्यक्रमात, वाढदिवसात, हळदीकुंकवात नवीकोरी कापडी पिशवी वाटतात आणि घरोघरी त्यांचा ढीग झालाय. कापूस पिकवायला पाणी लागतं, खत लागतं, औषधं लागतात, सूत, रंग, वीज, सगळंच. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानं २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात हवामानावर होणाऱ्या परिणामाचा हिशोब मांडला तर एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीची बरोबरी करायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. म्हणजे पंधरा पिशव्या कपाटात ठेवून काही उपयोग नाही, दोन-तीन पाहिजेत आणि त्या विटेपर्यंत वापरल्या पाहिजेत. त्या हिशोबात गाईचं पोट आणि तुंबलेलं गटार धरलेलं नाही हे पण लक्षात घ्या, तरीसुद्धा नवीन कापड काढून पिशवी शिवणं मला पटत नाही.

आणि आपल्याला नवीन कापड लागतच नाही! गणवेश शिवणाऱ्या युनिटमध्ये कधी गेलात तर कटिंग टेबलाखाली बघा. मशीननं एका वेळी थप्पीच्या थप्पी कापतात, शर्टाचे भाग निघाले की मधले तुकडे, कडेच्या लांब पट्ट्या, हे सगळं पोत्यात भरतात. खाकी, निळी चेक्स, पांढरं, मरून. टॉवेलच्या कारखान्यात तर डाग पडलेला, किनार बिघडलेला सेकंडचा माल किलोवर निघतो. माझ्या दिरांचा एक मित्र युनिट चालवतो, त्याच्याकडनं आम्ही कटिंगचं पोतं आणतो, तो पैसे पण घेत नाही, म्हणतो जागा मोकळी होते. आमच्या गल्लीत एक अक्का आहेत, आधी विड्या वळायच्या, आता ब्लाऊज-फॉल-पिकोचं काम करतात, त्या पिशव्या शिवतात. गणवेशाचं कापड बहुतेक टेरिकॉटचं, म्हणजे त्यात पॉलिस्टर असतंच, पण ते एरवी कचऱ्यात जाणार होतं आणि पिशवी म्हणून ते सुतीपेक्षा जास्त टिकतं, लवकर वाळतं.

अक्कांचं शिवणं बघण्यासारखं असतं. तुकडे जमिनीवर मांडतात, दोन सारख्या जाडीचे बघून जोडतात, कारण एक जाड एक पातळ असलं की शिवणीतनं पातळ बाजू उसवते. तळाला दोनदा टीप. बंद लांब पट्टीचा, चार घड्या करून, आणि बंद जिथं पिशवीला लागतो तिथं चौकोन शिवून त्यात फुली मारतात. दुकानातनं आणलेल्या पिशव्या नेमक्या तिथंच तुटतात कारण त्यांना नुसती एक आडवी टीप असते. "कांदे पाच किलो घालून झोके दे, तुटली तर परत आन," असं म्हणाल्या मला. बंद खांद्यावर येईल एवढा लांब ठेवायचा, हातात धरायची पिशवी बायका दुसऱ्यांदा नेत नाहीत, हे पण त्यांचंच निरीक्षण, आणि मला एकदम बरोबर वाटतं.

मोठी पिशवी असली तरी आतल्या बारक्या पिशव्यांचा प्रश्न राहतोच. खरी गंमत संक्रांतीच्या आदल्या दिवशी कळते. भोगीच्या भाजीला घेवडा, वांगी, गाजर, हरभऱ्याचे घाटे, पावटा, बोरं, हुरडा, तीळ, शेंगा, सगळं पाव पाव किलो घ्यायचं आणि प्रत्येकाला एक पातळ पिशवी, म्हणजे एका घरच्या एका भाजीला नऊ-दहा पिशव्या. आणि त्याच आठवड्यात सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, होम मैदानावर गड्डा म्हणजे जत्रा भरते, लाखो माणूस येतो, मग पिशव्या किती होत असतील. तर ह्या बारक्या पिशव्यांना उपाय म्हणजे जुन्या ओढण्या आणि मलमलच्या साड्या. वीतभर रुंद, दीड वीत लांब, वर नाडी. वजन काहीच नाही म्हणून काट्यावर फरक पडत नाही, आत काय आहे ते भाजीवालीला दिसतं, आणि घरी आल्यावर तशीच फ्रिजमध्ये ठेवता येते. मेथी-कोथिंबीर जरा ओलसर कापडात प्लास्टिकपेक्षा चांगली राहते, प्लास्टिकमध्ये घाम सुटून पान काळं पडतं. शिवाय कांदा, बटाटा, काकडी, दोडका ह्यांना वेगळी पिशवी लागते कशाला, एकत्र ओतून घ्यावं आणि घरी निवडावं.

पिशवी न्यायची आठवण राहत नाही म्हणतात सगळे. आठवणीवर ठेवूच नका. भाजी ओट्यावर काढली की पिशवी घडी करून त्याच मिनिटाला गाडीच्या चावीच्या हुकाला अडकवा. चावी घेताना हाताला लागते, गाडीच्या डिकीत जाते, विषय संपला.

मटण-चिकनला स्टीलचा डबा न्या. खाटीक लोक काही म्हणत नाहीत, आधी रिकामा डबा काट्यावर ठेवून शून्य करतात आणि मग तोलतात. चहाचं पार्सल, गरम सांबार, रस्सा हे पातळ पिशवीत बांधून आणणं तर ताबडतोब बंद करावं असं माझं ठाम मत आहे, उकळता चहा त्या पिशवीत ओतलेला बघून माझ्या अंगावर काटा येतो. किटली किंवा थर्मास न्यायला काय जड आहे.

कापडासारखी दिसणारी पिशवी, जी साड्यांच्या दुकानात मिळते, ती कापडाची नाही हे सांगायलाच हवं. पॉलिप्रॉपिलीन आहे ते, प्लास्टिकच. नवी पेठेतनं येताना मिळाली तर बोटात धरून बघा, ताणा-बाणा दिसतो का. मागावर उभं राहिलेल्या माणसाला एका नजरेत कळतं, त्यात धागाच नाही, नुसते ठिपके ठिपके दाबलेले असतात. केंद्राच्या नियमात ती निदान ६० जीएसएमची, म्हणजे एका चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाची, असावी असं आहे, त्याहून पातळ असली की तिचे तंतू लवकर सुटायला लागतात. घरात आलीच असेल तर फाटेपर्यंत वापरा, पण चांगलं काम केलं असं समजून ती मागून घेऊ नका. तसंच ते कंपोस्टेबल लिहिलेलं. ती पिशवी कुजायला मोठ्या प्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता सतत मिळावी लागते, कुंडीत पुरून ती लवकर जात नाही, आणि बाकीच्या प्लास्टिकमध्ये मिसळली की तो लॉट पण खराब करते.

आता घरात आधीच साठलेल्यांचं काय? प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं पिशव्यांची पिशवी असते, आमच्यात पण आहे. त्यातल्या जाड आणि स्वच्छ आम्ही मंडईत भाजीवालीलाच परत देतो, ती खुशीनं घेते. पातळ आहेत त्या सुक्या कचऱ्याला. ओल्याला पिशवी नको, डब्यात तळाला वर्तमानपत्र घातलं की झालं, घंटागाडीत डबा थेट पालथा करता येतो. तेलकट, खरकट्या लागलेल्या असतील तर भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात खळबळून दोरीवर टाकायच्या, आपल्याकडं पाणी रोज येत नाही त्यामुळं ह्यासाठी वेगळं पाणी काढायचं नाही. वाळल्या की एकाच मोठ्या पिशवीत दाबून भरायच्या, सुट्या एकेक टाकल्या की उडतात. गच्च भरलेली एक पिशवी भंगारवाला घेतो, सुट्या दिल्या तर घेत नाही, एवढा फरक पडतो. त्याच्यापासनं पुढं दाणा होतो, दाण्याचे पाइप, घमेली, बादल्या. जे काहीच होण्यासारखं नाही ते डांबरात जाऊ शकतं. मदुराईच्या त्यागराजर इंजिनिअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी ही पद्धत काढली, गरम खडीवर प्लास्टिकचे बारीक तुकडे टाकले की ते वितळून खडीला लेप बसतो आणि मग डांबर घट्ट धरतं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण खडीवर टाकायला सुद्धा ते आधी कोरडं आणि वेगळं मिळायला लागतं ना.

दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नका, चीर पाडून तसाच लटकत ठेवा. तो नखाएवढा तुकडा कुणीच उचलत नाही, तो गटारातच जातो. पिशवी धुऊन ओट्याच्या टाइल्सवर चिकटवली की वाळून आपोआप पडते, आणि तिला भंगारात भाव पण येतो.

मी ज्या मावशींकडनं भाजी घेते त्यांना मी एकदा विचारलं, तुम्ही देता कशाला पिशव्या, दंड झाला तर? तर म्हणाल्या, "काय करू ताई, नाय दिलं तर गिऱ्हाईक पलीकडं जातंय की. मला काय हौस हाय का, रोजचं पैसं जातेत माझं पिशवीत." मला ते ऐकून वाईट वाटलं. पाव किलो पिशव्यांचं पुडकं त्या रोज स्वतःच्या पैशानं घेतात, दिवसाच्या कमाईतनं. आपण फुकट म्हणून घेतो ती फुकट नसते, मावशींच्या खिशातनं जाते. आणि दंड भरायची वेळ आली की तोही त्यांनाच, पिशव्या बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत जायला कुणाला वेळ नसतो. कारवाई व्हायचीच असेल तर ती तिथनं सुरू व्हावी.

म्हणून मग आम्ही एक करून बघितलं. अक्कांनी शिवलेल्या पिशव्यांची एक थप्पी मावशींकडं ठेवली. पिशवी नसेल त्या गिऱ्हाइकाला वीस रुपये घेऊन द्यायची, परत आणली की वीस रुपये परत. काही लोकं तोंड वाकडं करून पुढं जातात, ते जाणारच होते. पण रोजची गिऱ्हाइकं घेतात, बऱ्याच पिशव्या परत येतात, ज्या येत नाहीत त्यांचे वीस रुपये अक्कांना शिलाई म्हणून जातात, म्हणजे कुणाचं नुकसान नाही. शेजारच्या कांदेवाल्या अण्णांनी पण परवा विचारलं आमच्याकडं ठेवता का म्हणून, त्यांना मात्र जाड लागतील, सेकंडच्या टॉवेलच्या. मावशींची तक्रार एवढीच आहे की मिरची-लिंबू-कोथिंबिरीला लहान साइज पाहिजे, एवढ्याशा मालाला मोठी पिशवी कुणी घेत नाही. त्यामुळं आता पट्ट्या सोडून बारके तुकडे निवडणं चालू आहे. सोलापुरात कुणाचं शिवणकामाचं युनिट असेल तर कटिंगचं पोतं देऊन टाकायच्या आधी वीतभराच्या वरचे तुकडे बाजूला काढून ठेवा, पांढरे नकोत, मळतात, खाकी आणि निळे चालतील.